नंदीध्वजांची वाट आणि बाकीचे रस्ते

सोलापूरच्या वाट्याला थंडी फार थोडी येते. दिवाळीनंतर हवेत जो कोरडा गारवा उतरतो तो महाशिवरात्रीपर्यंत कसाबसा तग धरतो, आणि होळी पेटायच्या आधीच दुपारच्या रस्त्यांवरून माणसे कमी होऊ लागतात. पुढे पारा 43-44 अंशांवर गेला की शहराची सगळी ताकद पाणी आणि सावली शोधण्यात खर्च होते, आणि पावसाळा आला की खोदलेले रस्ते चिखलात बसतात. त्यामुळे बहुतेक लोक महापालिकेच्या कामाची परीक्षा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घेतात. माझे मत वेगळे आहे. शहराची खरी परीक्षा मार्गशीर्ष-पौषात व्हायला हवी, कारण या दिवसांत कोणतीही सबब शिल्लक नसते. धरण भरलेले असते, पाऊस थांबलेला असतो, जमीन कोरडी असते आणि भर दुपारीही माणूस उघड्यावर काम करू शकतो. जी जलवाहिनी, जे गटार, जो रस्ता हिवाळ्याच्या तीन महिन्यांत होत नाही, तो पुढच्या नऊ महिन्यांत व्हायची शक्यता फार कमी असते.

हिवाळ्यात वर्तमानपत्राचे स्थानिक पान मी इतर दिवसांपेक्षा सावकाश वाचते. पहिल्या पानावरच्या मोठ्या बातम्यांत शहर सापडत नाही. ते सापडते आतल्या एका स्तंभाच्या चार ओळींत. अमुक पेठेतील पाणीपुरवठा एक दिवस उशिराने होईल, तमुक टाकीची स्वच्छता असल्याने नागरिकांनी पाणी जपून वापरावे, यात्रेनिमित्त अमुक मार्गावरील वाहतूक वळवण्यात आली आहे, बाजार समितीत कांद्याची आवक वाढल्याने एक दिवस लिलाव बंद राहतील, वेळ अमावस्येनिमित्त बाजारात गर्दी झाली. वेळ अमावस्येच्या दिवशी अर्धे शहर शेतावर जाते, ज्यांचे शेत नाही त्यांना कोणीतरी आग्रहाने घेऊन जाते, आणि भज्जी, सज्जक, आंबील यांच्या जेवणानंतर कडब्याच्या कोपीत दुपार सरते. ही बातमीही त्याच पानावर, पाण्याच्या वेळापत्रकाच्या शेजारी छापलेली असते, आणि ते मला योग्य वाटते. या गावाला त्याचे सण आणि त्याचे नळ वेगवेगळे काढून समजून घेता येत नाहीत.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपली गड्ड्याची यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक, होतो तो भोगीच्या आदल्या दिवशी. भोगीला संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा, संक्रांतीला होमविधी, किंक्रांतीला शोभेचे दारूकाम आणि शेवटच्या दिवशी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, बाळीवेसेतल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघतात, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले लोक दोन्ही बाजूंनी चालतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष घराघरांत ऐकू येतो. होमाच्या रात्री वासराच्या हालचालींवरून वर्षाची भाकणूक सांगितली जाते, पाऊस कसा, पीक कसे, महागाई कशी, आणि दुसऱ्या दिवशी ती भाकणूक सगळे शहर वाचते, तिच्यावर विश्वास असणारे आणि नसणारेही.

नंदीध्वज सुमारे तीस फूट उंचीचा असतो आणि तो एकट्या माणसाने कमरेच्या आधारावर तोलून धरलेला असतो. या एका गोष्टीतून नागरी व्यवस्थेची किती कामे निघतात याचा विचार करावा. मार्गावर खड्डा असून चालत नाही, कारण पाय घसरला तर काठी आणि माणूस दोन्ही कोसळतील. वर लोंबकळणारी केबल असून चालत नाही, झाडाची आडवी फांदी असून चालत नाही, गटाराचे उघडे झाकण असून चालत नाही, रात्री परतीच्या वेळी पथदिवा बंद असून चालत नाही. म्हणून डिसेंबरच्या अखेरीपासून विजापूर वेस, पंचकट्टा या भागांत कामगारांच्या टोळ्या दिसू लागतात. खड्डे बुजतात, फांद्या छाटल्या जातात, वीज मंडळाची माणसे शिडी घेऊन फिरतात, आरोग्य विभागाची पथके आणि अग्निशामक दलाच्या गाड्या कुठे उभ्या राहायच्या हे ठरते. होम मैदानावर धूळ उडू नये म्हणून मॅटिंग टाकावे की नाही आणि आपत्कालीन रस्ता कुठून मोकळा ठेवावा, यावर काही वर्षांपूर्वी केवढा वाद झाला होता हे सोलापूरकरांना आठवत असेल. त्या वादातल्या कडवटपणापेक्षा मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. लाखोंच्या गर्दीत रुग्णवाहिका आत कशी शिरणार, हा प्रश्न संपूर्ण शहराने काही आठवडे मनापासून चर्चिला होता.

यात्रेच्या मार्गावर जे होते ते पाहून मला आनंद होतो, आणि तो निर्भेळ आहे. पहाटे पाचला पंचकट्ट्याजवळ झाडू मारणाऱ्या महिला, रात्री दोनला गड्ड्याच्या मागच्या बाजूचा कचरा उचलणाऱ्या गाड्या, पाण्याच्या टँकरवर बसून जेवणारा चालक, या सगळ्यांमुळे पाच दिवस शहर उत्तम चालते. मात्र त्याच आनंदातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो दर पौषात मला पुन्हा पुन्हा पडतो. ज्या यंत्रणेला तीस फूट उंच काठीसाठी रस्ता निर्दोष करता येतो, तिला हद्दवाढ भागातल्या शाळेच्या वाटेवरचे झाकण वेळेत बसवता यावे, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी आहे काय? कौशल्य आहे, माणसे आहेत, हे आपण पाच दिवस उघड्या डोळ्यांनी पाहतो. फरक पडतो तो तारखेचा. यात्रेची तारीख कोणालाही पुढे ढकलता येत नाही. हद्दवाढ भागातल्या गटाराला तारीख नसते. 1992 मध्ये आसपासची गावे शहरात आली, शहर कितीतरी पटींनी पसरले, पण त्या वस्त्यांत ड्रेनेज आणि पक्के रस्ते अजून तुकड्यातुकड्यांनी पोहोचत आहेत. मी स्वतः जुळे सोलापूरला राहते. विजापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आधी उभी राहिली आणि सोयी मागाहून चालत आल्या, हे या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सोलापूरच्या हिवाळ्यातला सर्वांत दुखरा विरोधाभास तिथे आहे. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यांपैकी साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात ते काठोकाठ असते. शहराला पाणी येते तीन वाटांनी: उजनीहून थेट जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, भीमा नदीवरच्या औज बंधाऱ्याच्या साठ्यातून टाकळीमार्गे सोरेगावला, आणि आदिला नदीवर ब्रिटिश काळात बांधलेल्या एकरुख, म्हणजे हिप्परग्याच्या तलावातून भवानी पेठेला. या तिन्ही वाटा असूनही गेली अनेक वर्षे या शहराच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले आहे, आणि भर हिवाळ्यातही त्यात फारसा बदल झालेला नाही.

पाण्याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक सोलापूरकराला पाठ असावा असे मला वाटते. उजनीहून येणाऱ्या नव्या समांतर जलवाहिनीची क्षमता दररोज 17 कोटी लिटर आहे. ती वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तरी वर्षाचे पाणी होते सुमारे सहा हजार दोनशे कोटी लिटर, म्हणजे दोन टीएमसीहून थोडे अधिक. दुसऱ्या बाजूला, औजचा बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीत एकदा पाणी सोडायचे तर पाच-सहा टीएमसी सोडावे लागते. ते पात्रातून पंढरपूर, मंगळवेढा करत येते, वाळूत मुरते, उन्हात उडते, वाटेतल्या पंपांनी उचलले जाते, आणि शेवटी शहराच्या वाट्याला त्याचा लहानसा भाग उरतो. अशी आवर्तने वर्षातून अनेकदा होतात. म्हणजे एका आवर्तनात जितके पाणी नदीतून जाते, तितक्यात जलवाहिनीने शहराची दोन-अडीच वर्षे भागली असती. शेतकऱ्याला नदीतल्या त्या पाण्याचा उपयोग होतो आणि तो व्हायलाच हवा. पण शहराची तहान हे त्याचे कारण दाखवले गेले की गाव आणि शहर यांच्यात विनाकारण कडवटपणा येतो. उजनीच्या पाण्यावरून होणारी आंदोलने वाचताना मला नेहमी वाटते की या भांडणातला मोठा भाग पाइपाच्या लांबीचा आहे.

जलवाहिनी टाकली म्हणजे नळाला रोज पाणी येईल, असा समजही बरोबर नाही. आलेले पाणी शुद्ध करायला केंद्रांची क्षमता लागते, साठवायला उंच टाक्या लागतात, आणि टाकीपासून घरापर्यंतच्या जुन्या वाहिन्या बदलाव्या लागतात. गळती शोधायची असेल तर ती हिवाळ्यातच शोधावी, कारण कोरड्या रस्त्यावर ओल कुठून येते ते दिसते. पावसाळ्यात सगळेच ओले असते. या मधल्या काळात शहराचे पाणी प्रत्यक्ष चालते ते चावीवाल्याच्या हातावर. पहाटेच्या थंडीत कान मफलरीत गुंडाळून, सायकलला किंवा दुचाकीला लांब चावी बांधून तो येतो, रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात वाकतो आणि काही आटे फिरवतो. किती आटे फिरवल्यावर कोणत्या गल्लीच्या टोकाच्या घराला दाब पोहोचतो, हे त्याच्याइतके कोणत्याही नकाशात लिहिलेले नाही. आमच्या भागातल्या बायका त्याला ‘अण्णा, आज किती वेळ?’ असे विचारतात आणि तो सांगतो त्यावर धुणे, आंघोळी, कामावर जाण्याची वेळ, सगळे ठरते. पूर्व भागातल्या विडी कामगार अक्कांना तर पाण्याचा दिवस म्हणजे विड्या कमी वळल्या जाण्याचा दिवस, आणि विड्या कमी म्हणजे हातात पैसे कमी. पाणी मध्यरात्री आले तर झोपेचे नुकसान, दिवसा आले तर मजुरीचे. हे नुकसान कोणत्याही अर्थसंकल्पात दाखवले जात नाही.

याच साठवणुकीतून दुसरे दुखणे येते. पावसाळा संपल्यानंतर डेंग्यूचे रुग्ण दिसत राहतात आणि आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतो. सल्ला शास्त्राला धरून आहे. एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे केले तर साखळी तुटते. मात्र ज्या घरात पाणी पाचव्या दिवशी येते आणि तेही नक्की येईल याची खात्री नसते, तिथली गृहिणी अर्धे भरलेले पिंप रिकामे करणार नाही, आणि तिने ते का करावे? पिंप रिकामे केले तरी अंडी कडेला चिकटलेली असतात, ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी येताच फुटतात. म्हणून भांडे आतून घासायला लागते, आणि घासायलाही पाणी लागते. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका पिंपात अॅबेट या अळीनाशकाचे थेंब टाकतात, झाकण लावायला सांगतात, गल्लीत धूरफवारणी होते. त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. तरीही डेंग्यूवरचा या शहरातला सर्वांत परिणामकारक उपाय पाणीपुरवठा विभागाकडे आहे, असे मला वाटते. पाणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी नक्की येणार एवढा भरवसा मिळाला तरी लोक साठा कमी करतील.

हिवाळी हवेचेही तसेच आहे. रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि त्यात मिसळलेला धूर व धूळ सकाळी उशिरापर्यंत तिथेच राहते. केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत सोलापूर आहे. म्हणजे आपली हवा ठरवलेल्या मानकांत बसत नाही हे अधिकृतपणे मान्य झालेले आहे. पीएम 10 या कणांचे वार्षिक मानक प्रतिघनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे उसाचा गाळप हंगाम, कांद्याच्या गाड्या, खोदलेले रस्ते आणि कोरडी माती हे सगळे एकाच वेळी येते, त्यात पहाटेच्या शेकोट्यांची भर पडते. काटक्यांची शेकोटी मला समजते. रखवालदाराला, रिक्षा थांब्यावरच्या माणसाला, मंडईत पहाटे चारला आलेल्या शेतकऱ्याला ऊब लागतेच. परंतु कचऱ्याच्या ढिगालाच काडी लावून प्लास्टिकवर हात शेकणे हे त्या माणसाच्याच छातीत जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये मनाई केली आणि साध्या प्रकरणात 5,000 तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड सांगितला. शेकोटीजवळ बसलेल्या गरीब माणसाकडून तो दंड वसूल करणे मला पटणार नाही. घंटागाडी रोज आली, कचरा भोगावच्या डेपोत वेळेत गेला, तर जाळायला ढीगच उरणार नाही. सफाई कामगारांना कोरडे झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडता आले आणि चांगल्या प्रतीचे मास्क मिळाले, तर ती धूळ सर्वांत आधी त्यांच्या फुप्फुसांत जाणार नाही.

आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय? सोलापूरची चादर भौगोलिक निर्देशांक मिळालेली, देशभर गेलेली चादर आहे. ज्या शहराने इतक्या घरांना ऊब दिली त्या शहराच्या रेल्वे स्थानकाबाहेर आणि एसटी स्थानकाच्या कडेला डिसेंबरच्या रात्री माणसे पोत्यावर झोपलेली दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की प्रत्येक एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी चोवीस तास चालणारा कायमचा निवारा असावा आणि प्रत्येकाला किमान 50 चौरस फूट जागा मिळावी. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9 लाख 51 हजार 558 होती. या हिशेबाने नऊशेहून अधिक लोकांची सोय व्हायला हवी. थंडी पडली की अनेक मंडळे, तरुणांचे गट रात्री फिरून चादरी वाटतात, त्यांचे फोटो स्थानिक पानावर येतात. ते चांगले काम आहे आणि ते व्हावे. पण वाटलेली चादर दुसऱ्या दिवशी ठेवायला त्या माणसाकडे जागा नसते. त्याला दार असलेली खोली हवी, सकाळी तोंड धुवायला नळ हवा, आणि कोणीतरी रात्री जाऊन ‘मामा, चला, आत झोपा’ असे म्हणायला हवे.

यंदाच्या हिवाळ्यात या सगळ्याला आणखी एक संदर्भ आला. 2017 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 15 जानेवारी 2026 रोजी, यात्रेच्या ऐन दिवसांत, 26 प्रभागांतल्या 102 जागांसाठी मतदान झाले. त्याच आठवड्यात 12 जानेवारी हा हुतात्मा दिन येतो. 1930 साली सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला, शहराने मार्शल लॉ सोसला, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. स्थानिक कारभार आपल्या हाती असावा यासाठी या गावाने किंमत मोजली आहे. त्यामुळे चार वर्षे गल्लीतले झाकण कोणाला सांगायचे हा प्रश्न पडणे, हे सोलापूरसारख्या गावाला शोभणारे नव्हते. अधिकारी सक्षम असू शकतो, पण त्याला कोणत्या गल्लीत रात्री दोनला पाणी येते हे मतासाठी दारोदार फिरून कळत नाही.

आता एका प्रभागात, 2011 च्या जनगणनेच्या हिशेबाने, सरासरी साडेछत्तीस हजार लोक आणि चार, क्वचित तीन, नगरसेवक आहेत. तिळगूळ देताना आमच्या सोसायटीत आलेल्या उमेदवारांशी झालेल्या बोलण्यात रस्ते, उद्यान, सभागृह, सगळे आले, पण पाण्याच्या वेळापत्रकाविषयी ठोस कोणी बोलले नाही. मोठी कामे दिसतात, त्यांचे उद्घाटन करता येते. कोणत्या चावीवर कोणत्या गल्ल्या, आणि त्या कोणत्या दिवशी, किती वाजता सुटणार, हा कागद प्रत्येक चौकात लावला तर त्याची कोनशिला बसवता येत नाही. तरीही नव्या सभागृहाकडून माझी पहिली मागणी त्याच कागदाची आहे. त्या कागदाला खर्च नगण्य आहे आणि त्याने हजारो बायकांची झोप, मजुरी आणि पिंपांची संख्या बदलेल. दुसरी मागणी स्थानकाजवळच्या निवाऱ्याची, पुढच्या डिसेंबरच्या आत. तिसरी, यात्रेच्या मार्गाची पाहणी जशी डिसेंबरात होते तशीच प्रत्येक प्रभागातल्या शाळा, दवाखाना आणि मंडईच्या वाटेची पाहणी दरवर्षी ठरलेल्या तारखेला व्हावी, आणि तिचा अहवाल स्थानिक पानावर छापला जावा.

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये आकार घेतो. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या घरी जात असतात. यंदा आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्या निमित्ताने पाण्याच्या वेळा लिहून काढायला सुरुवात केली आहे, कोणत्या घरी कधी आले, किती वेळ आले, दाब कसा होता. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती वही पुरी झाली की तिची एक प्रत विभागीय कार्यालयात आणि एकेक प्रत प्रभागाच्या चारही नगरसेवकांकडे द्यायची ठरली आहे, म्हणजे उन्हाळी टंचाईचा आराखडा ठरण्याआधी ती त्यांच्या टेबलावर असेल.